बकरीने कापलेली बट

तेरेआपीचा जीव पोकोइनाच्या एका बटेत अडकलाय, हे सगळ्या मांगाईया बेटाला ठाऊक होतं.

पोकोइना तिच्या धाकट्या बहिणीचा, मीईचा मुलगा. बेटाच्या रिवाजाप्रमाणे तेरेआपीने त्याला तान्हेपणीच वाढवायला घेतलं होतं. लपवाछपवी कसली नव्हतीच. तेरेआपी त्याची आई आणि मीई ऑकलंडची आई. आता पोरगा बारा वर्षांचा झाला होता, केस कमरेपर्यंत आले होते, आणि गणगोत जमवून ते बट-बट करून कापायचे होते. पहिली बट आईने कापायची. कुठल्या आईने, ते वाडवडील सांगायचे विसरले होते.

मीई विमानातून उतरली तीच चौकशी करत.

"तुला स्वतःची खोली आहे का रे?"

"ही काय!"

"इथे तर सगळेच झोपतात!"

"मग काय, बाहेर काढू त्यांना?"

मीईने ओठ आवळले. "ताई, माझ्याकडे त्याला खोली मिळेल, शाळा चांगली मिळेल. समारंभ झाला की नेतेच मी त्याला."

तेरेआपी कात्रीला तेवढी धार लावत बसली. मीईनेही बॅगेतून नवीकोरी कात्री काढून ठेवली.

समारंभाला ताडपत्रीच्या मांडवात पोकोइनाला गोधडी घातलेल्या खुर्चीत बसवलं. प्रत्येक बटेला रिबीन, डोक्यावर फुलांचा मुकुट. "मेजवानीची बकरी मोकाट सोडलीस तर बघ," असा दम तेरेआपीने नवऱ्याला भरला होता. अख्ख्या संसारात तुआकेऊने बायकोचं ऐकलं ते त्या दिवशी. त्याने बकरी खुर्चीच्याच पायाला बांधली.

पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. बकरीने नाही मिटले.

"आई गं!"

मुकुटाची फुलं आणि त्यांच्यासोबत एक आख्खी बट, रिबिनीसकट, बकरीच्या तोंडात होती. दोन्ही आया धावल्या. मावश्या, काका, चर्चची गाणारी मंडळी, सगळं गाव धावलं, आणि त्या रेटारेटीत मांडव सगळ्यांच्या डोक्यावर आला.

ताडपत्री बाजूला झाली तेव्हा एक मावशी पोकोइनाचा कान तपासत होती, दुसरी त्याच्या डोक्याला तेल चोळत होती, तिसरी बकरीच्या सात पिढ्या उद्धरत होती. आणि पोरगं हसून हसून उचक्या देत होतं.

मीई कात्री धरून बघतच राहिली. "ताई, ऑकलंडला माझ्या धाकट्या पोरांना बकरीने अख्खं गिळलं असतं ना, तरी शेजाऱ्यांना पत्ता लागला नसता."

मग ती पोकोइनाजवळ बसली. "येतोस का रे माझ्याकडे?"

तेरेआपीने श्वास रोखला.

"येईन की नाताळात. त्या खोलीत कोण कोण झोपतं?"

"तू एकटाच."

"एकटा? मग आईला पण आणतो."

मीई हसली आणि तिचे डोळे भरून आले. "ताई, मी तुला एक बाळ दिलं. तू त्याला एवढी माणसं दिलीस गं."

"आणि तू मला तो दिलास," तेरेआपी म्हणाली. "चल, काप बट."

"तू मोठी. तू काप."

"अहो बायांनो, कुणीतरी कापा! मान आखडली माझी!" पोकोइना ओरडला.

दोघींनी एकाच कात्रीत बोटं घातली.

मेजवानीत बकरी नव्हती. पहिली बट कापणाऱ्या नातेवाइकाला शिजवायचं कसं, असं तेरेआपीचं म्हणणं पडलं. तुआकेऊ तेवढा दोन दिवस फुरंगटून होता.