पांढरा राहिलेला कागद

मित्रांनो, मी धूळ मोजणारा एक जुना डबा. माझ्या पोटात एक पंखा आणि एक पांढराशुभ्र गोल कागद असतो. पंखा हवा आत ओढतो, धूळ कागदावर बसते, आणि प्रयोगशाळेत त्या कागदाचं वजन होतं. काम एवढंच, पण देवाने ते मला दिलं, याचा मला अभिमान आहे.

काही मुलांना पुन्हापुन्हा न्यूमोनिया का होतो, घरातल्या धुरामुळे त्यांची छाती जंतूंपुढे हरते का, हे पुण्यातले काही संशोधक शोधत होते. त्यांच्यातल्या नीरजाताई मला पिशवीत घालून घरोघरी नेत. वारज्याच्या नव्या इमारतीत राहिलो, मार्केट यार्डाजवळच्या चाळीतही राहिलो. मग आलो कसबा पेठेत.

तिथे सूरजभाऊ तांब्याची भांडी घडवतात. पुढे दुकान, मधे भट्टी, आणि भट्टीला लागून झोपायची खोली. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, वर्षभरात तीनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. नीरजाताईंनी मला तिच्या उशाशी ठेवलं आणि सूरजभाऊंच्या आईंना, मुक्ताईकाकूंना, बजावलं, "काकू, आठ दिवस याला इथून हलवायचं नाही हं."

काकूंनी मला हलवलं नाहीच. आठ दिवसांनी कागद निघाला, तो मात्र जवळजवळ कोरा!

सूरजभाऊ म्हणाले, "बघा ताई! आमची भट्टी म्हणजे देवापुढचं निरांजन. दुसरीकडे शोधा तुमचा धूर."

नीरजाताई वहीत लिहू लागल्या, 'धूळ कमी.' खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? ती नोंद तशीच राहिली असती, तर मैत्री त्याच खोलीत झोपत राहिली असती.

त्या दिवशी काकूंचा गुरुवारचा उपास होता. जपमाळ हातातच थांबली. हळूच म्हणाल्या, "अहो ताई, रागावू नका. भट्टी पेटली की मी याला धुतलेल्या पंच्याने झाकत होते. परक्याची वस्तू. काळी करून परत कशी द्यायची? शिवाय बिचारा श्वास घेतो हो, घुरघुर ऐकू येते."

नीरजाताई हसल्या नाहीत. "काकू, याचं नाक तुम्ही झाकलंत. मैत्रीचं?"

सूरजभाऊंनी हातातली हातोडी खाली ठेवली.

मी आणखी आठ दिवस राहिलो, उघड्या नाकाने. या वेळी कागद तव्याच्या बुडासारखा काळा निघाला. सूरजभाऊंनी तो बराच वेळ हातात धरला. मग भट्टीवर छपरापार जाणारं धुराडं बसवलं, आणि तोवर मैत्रीचं अंथरूण दुकानात हलवलं. पुढचं अख्खं वर्ष तिला दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. वर्षाने आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि काकूंनी मला पेढ्याचा नैवेद्य दाखवला, तेव्हा नीरजाताई म्हणाल्या, "एका घरावरून काही ठरत नाही, काकू. दोनशे घरं होऊ द्या." दोनशेही झाली. त्यांतली एकसष्ट माझी!

आता माझा पंखा कुरकुरतो, मी कपाटात असतो. पण मित्रांनो, माझा एखादा धाकटा भाऊ तुमच्या घरी आला, तर त्याला जपू नका, झाकू नका. खुशाल मळू द्या. आम्ही मळण्यासाठीच जन्मलो आहोत. तुमची छाती नाही.