सासऱ्याच्या गुडघ्याला हळद

तलासरीजवळच्या पाड्यावरचा नितीन मुंबईत सॉफ्टवेअर इंजिनियर झाला, तेव्हा त्याच्या तुक्याकाकानं घरोघर चिकू वाटले होते. दोन हजार अठरा साली त्यानं ती नोकरी सोडली, तेव्हा काका जेवणावरच रुसला. कारण काय, तर कंपनीचं ॲप लोक कुठं जातात-येतात ते त्यांना न विचारता टिपून ठेवायचं, आणि ते काम नितीनच्या वाट्याला आलं.

"दुसऱ्याच्या अंगणात शिरताना माणूस निदान खाकरतो तरी, काका."

"मग खाकरायचं आन पगार घ्यायचा!" काका म्हणाला.

आता प्रश्न चंद्रिकाचा होता. ती डहाणूला नर्स. एकदा नितीनला धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून "एवढा घोडा झालास, ओरडतोस काय?" म्हणाली होती. तेव्हापासून या पठ्ठ्याला दुसरी मुलगीच दिसेना. बोलणी करायला तिच्या घरी निघाले, तेव्हा काकानं वाटभर एकच बजावलं, नोकरी सोडल्याचं तोंडातून काढायचं नाही.

चंद्रिकाची आई सुकी म्हणजे तिखट बाई. बाप हिरू भिंतीला टेकून, पाय ताठ पसरून बसला होता. चंद्रिकानं कोरा चहा दिला.

"पोरगा मोठ्या कंपनीत..." काकानं सुरुवात केली.

"सोडली ती नोकरी, मामी," नितीन म्हणाला, आणि काकाला ठसका लागला.

सुकीला नोकरीचं काहीच पडलं नव्हतं. तिनं हिरूच्या खिशातला मोबाइल ओढून नितीनच्या हातात दिला. "हा माणूस रोज दुपारी वाडीवर चिकू तोडायला जातो सांगतो आन लंगडत घरी येतो. खरं कठं जातो, ते यातनं काढून दे. काढलंस तर पोरगी तुझी."

हिरूचा चेहरा उतरला. चंद्रिका एकदम छपराकडे बघायला लागली. काम चुटकीसरशी होणारं होतं. नितीननं मोबाइलकडे पाहिलं, चंद्रिकाकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"मामा, बघू का?"

"नको!" हिरू असा ओरडला की पडवीतली कोंबडी अंगणात पळाली.

"मग नाही बघत, मामी."

"अरे, मी हो म्हणतो ना! बघ!" काकानं त्याच्या मांडीला चिमटा काढला.

"मोबाइल तुझा नाही, काका."

"मग पोरगी पण नाही," म्हणत सुकी उठली. नितीनला रडूच यायचं बाकी होतं. तरी त्यानं मोबाइल हिरूच्या हातात परत ठेवला.

हिरूनं मोबाइल उलटसुलट करून पाहिला. मग हळूहळू पँट वर सरकवली. दोन्ही गुडघे सोललेले, वर हळदीचा लेप.

"स्कूटी शिकतोय," तो सुकीला म्हणाला. "महालक्ष्मीच्या जत्रेला तुला मागं बसवून न्यायचं होतं. दरसाल टमटममध्ये तुझ्या मांडीवर कोणाची तरी बकरी असते."

"आन शिकवतं कोण?"

छपराकडे बघतच चंद्रिकानं हात वर केला.

सुकीचे डोळे भरून आले. हिरूला त्यामुळे जोर चढला. "माझा मोबाइल या पोराच्या हातात होता, तरी त्यानं मला विचारलं. या घरात मला कोणी कधी काही विचारलंय? मला हा जावई पसंत आहे!"

"आन मला मागं बसायचंय का, हे कोणी विचारलं?" सुकीनं डोळे पुसले. "मी पुढं बसणार. चंद्रे, उद्यापासून मला शिकव. पोरगा असू दे."

काकानं हात जोडले. पण नितीन पुन्हा खाकरला. "चंद्रिका, तुला चालेल का?"

"चालेल."

"नक्की ना? कारण नको म्हणालीस तरी..."

काकानं त्याचं तोंडच दाबलं. "हो म्हणाली रे ती! आता गप!"

चंद्रिका इतकी हसली की तिच्या हातातला कप निसटला.

चैत्रात जत्रेला सुकीनं स्कूटी दिमाखात चालवत नेली. मागं हिरू बसला होता, मांडीवर शेजारणीची बकरी घेऊन. तेवढं त्या बकरीला मात्र कोणी विचारलं नव्हतं.