दहाच्या आत नाका नाही

लातूरच्या अलीकडच्या नाक्यावर सकाळी सात ते दहा दुप्पट टोल लावायची अक्कल ज्या साहेबाला सुचली, त्याने आयुष्यात कधी जीप चालवली नसणार. म्हणे, क्लासच्या पोरांची गर्दी कमी होईल. अरे, क्लास भरतात सकाळी, मग पोरं काय दुपारी न्यायची?

मी जिलानी, किल्लारी-लातूर जीपवाला. सगळ्या ड्रायव्हरांना मीच शपथ घातली होती: दुप्पट टोल हटेपर्यंत दहाच्या आत एकानेही नाका ओलांडायचा नाही. नाक्याच्या अलीकडे मी जीप आडवी लावायचो, मागे सगळ्यांची रांग. सोमवारी आमच्यातल्याच शरणप्पाने शेताच्या कडेने गाडी काढली आणि दुप्पट टोल भरला. तो परतल्यावर मी त्याच्या दोन चाकांची हवा सोडली. स्टँडवर सगळे हसले, मला फार बरं वाटलं.

गुरुवारी माझीच तूबा जीपमध्ये होती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलेली माझी पोर दहावीला शाळेत पहिली आली होती. क्लासची निवड परीक्षा साडेनऊला, उशीर झाला की गेट बंद. मला वाटलं, तोवर नाकेवाले नमतील. नऊ वाजत आले तरी कुणी नमलं नाही.

"अब्बा, चला की," तूबा म्हणाली.

मागच्या गाडीतून शरणप्पा उतरून आला. "जा की जिलानीभाई. तुमच्या चाकाची हवा सोडायला मी येत न्हाई."

तो हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही, म्हणून माझं डोकं फिरलं.

"जिलानीची जबान एक हाय! दहाच्या आत न्हाई म्हंजे न्हाई!" मी ओरडलो.

तूबाने दप्तर उचललं आणि चालायला लागली. पुढे क्लासपर्यंत चार किलोमीटर रस्ता रिकामा, आमच्यामुळेच. तिला बसवून घ्यायला एक रिक्षासुद्धा नव्हती. मी स्टिअरिंग धरून तिच्या पाठीकडे बघत राहिलो, खाली उतरलो नाही.

दहाला सगळ्या जीपा एकदम सुटल्या आणि कधी झाली नव्हती अशी कोंडी झाली. मी अकराला पोचलो. तूबा बंद गेटबाहेर बसली होती, चपला हातात.

"नाक्यावर अडवलं का गं तुला?" मला कुणावर तरी भडकायचं होतं.

"न्हाई अब्बा. नाक्याचा दांडा वरच होता."

एवढंच बोलली आणि माझ्या मागोमाग आलेल्या शरणप्पाच्या जीपमध्ये जाऊन बसली.