अशिलांची यादी

पलंगाजवळ खुर्ची ओढून ती बसली, पर्समधली वही अर्धी बाहेर काढली आणि परत आत सरकवली. आल्या आल्या वही काढायची म्हणजे माणूस जिवंत असताना पंचनामा करायला बसल्यासारखंच की!

"काढ, काढ वही," डोळे न उघडता म्हातारे वकील म्हणाले. "लाजतेस कसली? मोठ्या साहेबांनीच धाडलंय ना तुला?"

"नाही हो सर, सहज आले."

"सहज? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वकिलांच्या त्या फर्ममध्ये नवे अशील मिळवायचं काम ती बारा वर्षं करत होती. माहितीपत्रकं लिही, बैठका जुळव, वकिलांचे फोटो काढून घे. पण कायद्याची पदवी नव्हती, म्हणून पाठीमागे सगळे तिला 'ब्रोशरबाई' म्हणत. त्याआधी ती तिथेच फोन घ्यायची. आवाजावरून अशील ओळखते हे ह्याच म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच तिला तिथून उठवून ह्या कामावर बसवलं. आता त्यांचे दिवस भरत आले होते. त्यांचे सगळे अशील त्यांच्या डोक्यात, कॉम्प्युटरवर एक ओळ नाही. दुसऱ्या फर्मा टपून बसलेल्या. काल मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "यादी आण. विभागप्रमुख तू." तिने मुंडी हलवली होती.

म्हातारे सांगत गेले, ती लिहीत गेली. अमक्याला पत्र पाठवू नकोस, तो वाचत नाही, समोर जाऊन बस. तमकीशी आधी तिच्या कुत्र्याबद्दल बोल. दोघे भाऊ आहेत, त्यांना एकत्र भेटू नकोस, भांडतात. मध्येच खोकल्याची उबळ आली, तिने पाणी पाजलं. डोळे भरून आले, पण हात काही थांबला नाही.

"आता मीट ती वही," ते म्हणाले. "एक तुझ्यासाठी ठेवलाय. पाइपांच्या कारखान्याचा मालक. चाळीस वर्षांचा दोस्त माझा. तुझ्याबद्दल त्याच्या कानावर घातलंय. फर्मला ह्याचा पत्ता लागू देऊ नकोस."

"सर, मी काय करू त्याचं?"

"अगं वेडे, एक दिवस तुलाही दार दाखवतील. तेव्हा त्याला घेऊन दुसरीकडे जा. अशील घेऊन गेलीस तर खुर्ची देतील. नाहीतर बसशील परत फोन घेत."

तिने त्यांचा हात धरला.

"मला लाज वाटते, सर."

"वाटू दे. पोटापाण्याचं काम आहे, त्यात काय!"

दुपारी मोठ्या साहेबांनी यादी दोनदा चाळली. टेबलावर तिच्या नेमणुकीचं पत्र तयार होतं. सही तेवढी व्हायची होती.

"एवढेच?" ते म्हणाले. "म्हातारा पक्का बेरकी आहे. काहीतरी राखून ठेवलं असणार त्याने."

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पत्र हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

"बघ बाई, आठव नीट. नाहीतर पुढच्या महिन्यात बघू."

"पाइप कारखान्याचे मालक राहिले," ती म्हणाली.

"अरे वा! हा तर आम्हाला माहीतच नव्हता." साहेबांनी टोपण काढलं. "कसा माणूस आहे? काय बोलू त्याच्याशी?"

"उद्या सकाळीच फोन करा," ती म्हणाली. "आधी सरांची तब्येत सांगा. त्यांना रडू येईल, थोडं रडू द्या. मग कामाचं काढा."