उजवीकडे चौदा फेरे

मी चावी बोलतेय. कुलपाची नव्हे. कुलपाच्या चाव्या कमरेला लटकतात, मला खांद्यावर घ्यावं लागतं. साडेचार फूट उंची, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. तुमच्या रस्त्याच्या कडेला एक लोखंडी झाकण असतं, त्याखाली पाण्याचा व्हॉल्व्ह. माझं तोंड त्याच्या डोक्यावर बसवायचं आणि दांडा धरून मला फिरवायचं. मग तुमच्या नळाला पाणी येतं. तुम्ही मला कधी नीट पाहिलं नसेल. नळ कोरडा असला की तुम्हाला फक्त ओरडता येतं.

माझं अंग सरळ नाही. मधोमध पिळलेलं आहे. ते कुणी पिळलं हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलंय. आणि आधीच सांगते, मी कुणाला माफ केलेलं नाही.

माझा जन्म भिलाईजवळच्या हथखोजचा. तिथल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये शालिकराम नावाच्या कारागिराने चौरस सळई तापवून मला घडवलं. गोल सळई स्वस्त पडली असती, पण तो म्हणाला, चौरस अंगाला हात घसरत नाही. त्याला काय ठाऊक, चौरस अंगावर झालेली जबरदस्तीही लपत नाही. गोल सळई पिळली तर कळतसुद्धा नाही. माझ्या चारही कडा आज स्क्रूच्या आट्यांसारख्या फिरल्या आहेत.

भिलाईत पाण्याच्या लाइनींची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीत मी आले आणि देवाजीच्या खांद्यावर बसले. देवाजी गोंदियाकडचा. शेती सोडून आला, पोलादाच्या प्लांटमध्ये जागा मिळाली नाही, म्हणून व्हॉल्व्हमन झाला. बोलायला कमी, हाताने पक्का. सकाळी साडेपाचला पहिला व्हॉल्व्ह उघडायचा, मग पुढचा, मग त्यापुढचा. कोणत्या गल्लीला किती फेरे, सगळं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. आमच्या धंद्यात कुणी लिहून ठेवत नाही. ज्याच्या डोक्यात फेरे त्याची किंमत, असं या लोकांना वाटतं. हाच मूर्खपणा पुढे नडला.

माणसंही मी पुष्कळ पाहिली. लग्नघर असलं की देवाजीला चहा मिळायचा आणि दोन फेरे जास्त मागितले जायचे. तोच माणूस आठवड्याने त्याला ओळखत नसे. एक जण रोज गाडी धुऊन झाली की पाण्याचा दाब कमी आहे म्हणून तक्रार करायचा. देवाजी हसून पुढे जायचा. मला राग यायचा. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच.

आमच्या भागात चिंचेच्या झाडाजवळ एक जुना व्हॉल्व्ह होता. उलटा. सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, तुमच्या घरातल्या नळासारखे. हा डावीकडे फिरवला की बंद व्हायचा आणि उजवीकडे फिरवला की उघडायचा. चौदा फेरे. कुठल्या काळी, कुणी बसवला, देव जाणे. शिवाय पूर्ण बंद केला तरी थोडं पाणी झिरपायचं. देवाजीला हे सगळं माहीत होतं. आमच्या सुपरवायझरला, श्यामरावांना, त्याने दोनदा सांगितलंही होतं.

श्यामराव वर्ध्याचे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मराठी मंडळाच्या गणपतीत पुढच्या खुर्चीवर. देवाजीला कामावर त्यांनीच लावलं होतं, आपला माणूस म्हणून. ते उपकार देवाजी रोज फेडत होता. दुसऱ्यांदा उलट्या व्हॉल्व्हचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मले शिकवून राहिला का बे तू? तू नांगर धरत होता तेव्हापासून मी पाइपलाइन पाहून राहिलो."

देवाजी म्हणाला, "नाही साहेब, ध्यानात असावं म्हणून सांगितलं."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चिंचेपासून वीस पावलांवर लाइनचा जोड गळत होता. माणूसभर खोल खड्डा खणलेला. देवाजीचा जोडीदार चिंधू याने त्या सकाळी मला तेल लावलं, कपड्याने पुसलं. मी तेव्हा शालिकरामने बनवली तशीच सरळ होते. देवाजीने मला उलट्या व्हॉल्व्हवर बसवून डावीकडे चौदा फेरे दिले. व्हॉल्व्ह बंद. मला तिथेच उभी ठेवून तो खड्ड्यात उतरला आणि जोड सोडवायला लागला. चिंधू काठावर दोर धरून होता.

तेवढ्यात श्यामराव स्कूटरवरून आले. खड्ड्यात डोकावले. तळाशी बारीकसं पाणी झिरपत होतं, नेहमीसारखं. ते बडबडले की याने व्हॉल्व्ह पूर्ण बंदच केला नाही, आणि तरातरा माझ्याकडे आले. मला धरलं आणि उजवीकडे फिरवलं. आवळायला.

एक फेरा. दोन. खाली पाणी सरकायला लागलं, ते मला कळत होतं, त्यांना कळलं नाही. पाचव्या फेऱ्याला खड्ड्यातून आवाज आला. सोडवलेला पाइप पाण्याच्या जोराने उसळला. शहाणा माणूस तिथे थांबला असता. हे घाबरले, आणि घाबरून आणखी जोरात उजवीकडेच आवळत सुटले. चौदा फेरे पूर्ण झाले, पुढे वाट नाही, तरी त्यांनी जोर वाढवायला माझ्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला आणि सगळा भार टाकला. तेव्हा माझं अंग पिळलं. माझ्या वेदनेचं सोडा. खाली देवाजी पाइपाखाली होता. शेवटी चिंधूने धावत येऊन मला डावीकडे फिरवलं.

देवाजीचा उजवा हात कोपरापासून गेला. डोक्याला मार, तीन दिवस शुद्ध नव्हती.

श्यामरावांनी त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. मी तेव्हा टाकीजवळच्या स्टोअरमध्ये भिंतीला टेकलेली होते, त्यांनी तो चिंधूला वाचून दाखवला. देवाजी व्हॉल्व्ह बंद करायला विसरला आणि खड्ड्यात उतरला. आपण धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून त्याचा जीव वाचला. चिंधूने अंगठा दिला. मग श्यामराव माझ्याकडे न बघता म्हणाले, ही चावी भंगारात टाक.

चिंधूने मला भंगारात टाकलं नाही. ब्लीचिंग पावडरच्या ड्रममागे लपवलं. तेवढीच त्याची हिंमत. तोंड उघडायची झाली नाही. ब्लीचिंगने माझ्यावर गंज चढत गेला आणि मी एकच गोष्ट करत राहिले. आठवत राहिले. उजवीकडे चौदा.

स्टोअरमध्ये सगळ्या बातम्या येतात. त्या वर्षी गणपतीत श्यामरावांना शाल देऊन सत्कार झाला, साथीदाराचा जीव वाचवल्याबद्दल. ते प्रत्येकाला गोष्ट सांगत, चावी पिळली, पण मी सोडली नाही. आणि देवाजी? दर दसऱ्याला सोनं घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि पाया पडायचा. डाव्या हाताने सोनं देतो म्हणून वर माफी मागायचा. हे चिंधू सांगायचा आणि डोळे पुसायचा. मला त्या डोळ्यांची कीव येत नव्हती. मला त्याच्या तोंडाचा राग येत होता, बंद तोंडाचा.

मग मोना आली.

मोना देवाजीची मुलगी. डिप्लोमा केलेली, हेल्मेट हाताला अडकवून फिरणारी, मराठी-हिंदी एका दमात बोलणारी. श्यामरावांनीच तिला देवाजीच्या जागी लावून घेतलं, तेही उपकारात जमा झालं. पहिल्याच महिन्यात तिने वहीत सगळे व्हॉल्व्ह लिहून काढले. फेरे, बाजू, खूण. चिंधू म्हणाला, असं लिहायचं नसतं बेटा. ती म्हणाली, "का? तुम्ही मेलात की शहराने तहानलेलं मरायचं?"

ड्रम हलवताना मी तिला सापडले. तिने मला उन्हात नेलं आणि माझ्या पिळावरून बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. मग चिंधूला विचारलं, ही बाबाची चावी का? चिंधूने मान हलवली आणि लगेच सायकल काढून निघून गेला.

ती हुशार. उलट्या व्हॉल्व्हचं तिने वहीत लाल पेनने लिहिलेलं होतं. माझा पीळ उजवीकडचा. बंद करायला धावलेला माणूस डावीकडे फिरवेल. मग ही उजवीकडे का पिळली? तिला दोन मिनिटं लागली. या मोठ्या माणसांना चार वर्षांत कळलं नाही, कारण त्यांनी बघितलंच नाही.

तिने घरी विषय काढला. आई, बेबीताई, म्हणाली की श्यामरावभाऊंच्या मिठावर आपण आहोत. आणि देवाजी म्हणाला, "जाऊ दे मोना. आपलीच चूक असन." हे तिने मला सांगितलं, स्टोअरमध्ये, रॉकेलने माझा गंज काढता काढता. बोळा इतक्या जोरात घासत होती की मला वाटलं, ही आज कुणाचं तरी कातडं सोलणार. ती म्हणाली, "भितात सगळे. त्या शर्टाला भितात."

मला हीच हवी होती.

वेळ थोडा होता. नव्या सहायक अभियंता गीतांजली मॅडमनी ठरवलं होतं की जुने व्हॉल्व्ह काढून नवे बसवायचे. चिंचेजवळचा उलटा व्हॉल्व्ह शनिवारी उपसून भंगारात जाणार. तो गेला की माझा पीळ म्हणजे नुसतं वाकडं लोखंड. देवाजीच्या नावावरची चूक कायमची त्याच्या नावावर.

शुक्रवारी सकाळी मॅडम नकाशा घेऊन आल्या. काढण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद हवी होती. चिंचेखाली सगळी टोळी जमली. कोपऱ्यावरच्या नळावर बाया घागरी लावून होत्या. मोनाने गोणपाटातून मला काढलं आणि श्यामरावांपुढे धरलं.

"काका, हा तुम्हीच बंद करून दाखवा. बाबाच्या वेळेस तुम्हीच केला होता ना."

श्यामरावांनी मला ओळखलं. त्यांच्या तळहाताला घाम फुटला, तो माझ्या दांड्याला लागला. ते हसले. "अरे बेटा, आता हातात तेवढी ताकद कुठं?"

"ताकद कशाला? मी रोज करते. मॅडमना बाजूच लिहायची आहे."

मॅडमनी पेन उचललं. श्यामरावांनी मला बसवलं. मला तो क्षण चार वर्षं हवा होता. उजवीकडे फिरवतील तर व्हॉल्व्ह बंद होणार नाही, आणि वाचवल्याची गोष्ट सगळ्यांसमोर खोटी पडेल. डावीकडे फिरवतील तर माझा पीळ बोलेल. मी त्यांच्या मुठीत होते, आणि ते माझ्या.

त्यांनी डावीकडे फिरवलं. हळूहळू, चौदा. नळ आटला. एक बाई घागर आपटून छत्तीसगढीत ओरडली, पाणी का बंद केलं म्हणून, "पानी ला काबर बंद कर देव?"

मॅडमनी लिहिलं, बंद, डावीकडे.

मोना म्हणाली, "म्हणजे हा उलटा आहे हे तुम्हाला माहीत आहे. मग काका, ही उजवीकडे कशी पिळली? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, चावी पिळली पण सोडली नाही."

मॅडम खाली वाकल्या. माझ्या कडांवरून त्यांची नजर फिरली.

"ती आधीची असन," श्यामराव म्हणाले. "देवाजी कशीही वापरत होता."

आणि तेव्हा चिंधू बोलला. आवाज फाटलेला. "त्या दिवशी सकाळी मीच तेल लावलं होतं हिले. सरळ होती. साहेब, तुम्ही चावीले हात लावला तवा खड्ड्यात नुसतं झिरपत होतं. पाणी त्याच्या मागून आलं."

श्यामराव चिंचेच्या पारावर बसले. ते पुटपुटले, मी आवळायलाच गेलो होतो. मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि जुना रिपोर्ट मागवला. पांढऱ्या शर्टावर गंजाचे डाग पडले होते, माझे. मला दया आली नाही. आजही येत नाही.

संध्याकाळी मोना मला घरी घेऊन गेली. बेबीताई आधी रागावल्या, मग रडायला बसल्या. देवाजी डाव्या हाताने भाजी निवडत होता. मोनाने मला त्याच्या खाटेला टेकवून सगळं सांगितलं, आणि तो आता ओरडेल, मोठ्या माणसाची इज्जत घालवली म्हणेल, म्हणून उत्तर तयार ठेवलं.

तो ओरडला नाही. त्याने विचारलं, "चिंधू म्हणला, आधी नुसतं झिरपत होतं?"

"हो बाबा."

"म्हणजे मी बंद केलता."

आम्हा दोघींना वाटत होतं, हा भितो. त्याला ती सकाळ आठवतच नव्हती. डोक्याच्या माराने पुसून गेली होती. रिपोर्टात लिहिलं तेच त्याने खरं मानलं होतं. चार वर्षं तो रोज मनात चौदा फेरे मोजत होता आणि तेराव्यावर अडत होता.

त्याने डावा हात माझ्या पिळावरून फिरवला. खूप वेळ. मग म्हणाला, "मी त्याच्या पाया पडलो, मोना. चार दसरे."

मग कुणी जेवलं नाही.

आता मी मोनाच्या खांद्यावर आहे. नवे व्हॉल्व्ह सगळे उजवीकडे बंद होतात. जुना रिपोर्ट रद्द झाला, श्यामराव कामावर येत नाहीत. चिंधू कालच म्हणाला, शालिकरामकडे नेऊ, भट्टीत घालून सरळ करून घेऊ, झालं गेलं विसरू.

मोनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सायकल शोधायला लागला.

तुम्हालाही तेच सांगते. मला सरळ करू नका. यंदाच्या दसऱ्याला देवाजी कुठेही जाणार नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी सोनं घेऊन त्याच्या दारात यावं. मी दाराशीच उभी असेन, पीळ बाहेर करून.