केरबाची ओवी

मावळात हळदीच्या दिवशी जात्यावर ओव्या म्हणतात, त्यात नात्यातल्या प्रत्येकाचं नाव यावं लागतं. चुलते, मावश्या, भाचे, कुणीही सुटता कामा नये. सुटला तो माणूस जेवताना गप्प बसतो आणि पुढची दहा वर्षं त्या घरचं लग्न आठवताना आधी तेच आठवतो. आणि जात्याचा खुंटा हातातून सुटून पीठ फडक्याने पुसलं गेलं, की राहिलेलं नाव राहिलंच. पुन्हा खुंटा धरायचा नाही.

सुदुंबऱ्याच्या लीलाबाईला हे सगळं आईकडून मिळालं होतं. तिचे वडील रतन रेल्वेत गँगमन होते. एका दिवाळीला त्यांनी लोणावळ्याहून टेपरेकॉर्डर आणला, आणि आई पहाटे दळायला बसली तेव्हा गुपचूप तिच्यामागे ठेवून तांबडं बटण दाबलं. आईला पत्ताच नव्हता. तिच्या ओव्यांबरोबर जात्याची घरघर, कोंबड्यांचा कलकलाट आणि थोरल्या भावाचा, केरबाचा, खोकला, सगळं त्या फितीत उतरलं.

मग रोज संध्याकाळी जेवणं झाली की वडील पाट उपडा घालायचे आणि त्यावर टेप ठेवायचे. सेल संपत आले की आवाज जड व्हायचा, म्हणून लीला ते दुपारी उन्हात वाळत घालायची. आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "कोन ही भवानी? कवाधरनं वरडतीय." वडील हसायचे. लीलाला सगळी फीत पाठ होती. "आता शेळी वरडंल," ती आधीच सांगायची, आणि शेळी ओरडायची. सगळ्यांत शेवटची ओवी केरबाची होती. ती लागली की तो पंधरा-सोळा वर्षांचा दांडगा मुलगा उठून बाहेर जायचा, पण उंबऱ्याच्या पलीकडे नाही. तिथेच पाठमोरा उभा राहून ऐकायचा.

फितीवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून वडिलांनी कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा दात नखाने मोडून टाकला होता. तो मोडला की तांबडं बटण दाबलंच जात नाही. लीलाला त्यांनी तसं करून दाखवलं होतं.

वडील गेले, पुढे आईही गेली. आईच्या वर्षश्राद्धाला लीला माहेरी आली. पानं उठल्यावर तिने कॅसेट लावली, आणि त्यातून टाळ्या वाजल्या. मग केरबाचा आवाज आला. सरपंच झाल्याबद्दल झालेल्या सत्काराला उत्तर देत होता.

"ऐक, ऐक," केरबा ढेकर देत म्हणाला, "पुढं आमदारबी बोललाय."

तिने कॅसेट बाहेर काढली. मोडलेल्या दाताच्या जागी कागदाचा बोळा नीट ठासून बसवला होता. म्हणजे चुकून घडलं नव्हतं.

"दादा, आय व्हती की रं हितं."

"आयचा आवाज काय, जन्मभर ऐकला. सत्कार काय रोज व्हतो?"

लीलाने कॅसेट त्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून तिने दर वर्षी राखी बांधली, दर भाऊबीजेला ओवाळलं, आणि वाट पाहिली. जातं घाईने फिरवलं तर पीठ जाडंभरडं पडतं, एवढं तिला आईने शिकवलं होतं.

यंदा केरबाचा फोन आला. आता त्याचा लोणावळ्यात पर्यटकांना भाड्याने द्यायचा मोठा बंगला होता, आणि तिथेच नातीची, कोमलची, हळद होती.

"लीले, आयच्या ओव्या पायजेत. इडिओवाला पुन्याचा हाय. लोकांस्नी कळू दे आमच्या घरात काय व्हतं ते." मग जरा थांबून तो म्हणाला, "आन् माजी ती ओवी शेवटाला घे. त्या वक्ताला त्यो माज्यावर कॅमेरा धरनार हाय."

"माजा गळा बसलाय, दादा. पोरींना शिकवते."

"झ्याक हुईल मंग. नाती गातील."

आठवडाभर आधीच लीलाबाई लोणावळ्याला गेली. केरबाच्या दुसऱ्या दोन नाती, नऊ वर्षांची मानसी आणि तिची बहीण प्रेरणा, हिरवळीवर तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या. ओवी पाठ करायची नाही, फिरवायची, हे तिने पहिल्यांदा शिकवलं. रिकाम्या हाताने हवेत खुंटा धरायला लावला. चुकलं तर रागावली नाही, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. मुलींचा दम पुरेना तेव्हा श्वास कुठे चोरायचा ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. त्या मुलींवर तिचा खरंच जीव जडला. तिचं काम मात्र थांबलं नाही.

"आत्याआजी, आबांची कुठली?" एक दिवस मानसीने बोटांवर नावं घेत विचारलं.

"त्येंची न्हाई."

"का? सगळ्यांची आहे."

"आयनं केलीच न्हाई, बाळा. व्हती तेवढी तुला दिली. आन् आबांची आपुन मनानं जोडायची नसती."

हळदीच्या सकाळी मांडवात जातं मांडलं. केरबा गुलाबी फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसला. मुलींनी खुंटा धरला, आणि तोच सूर लागला, उपड्या पाटावरचा. लीलाबाईच्या अंगावर काटा आला. समोर केरबाचाही चेहरा सैल झाला होता. तो ओठ हलवत होता.

नावं येत गेली. नवरी, नवरीचे आईबाप, मामा, आत्या, सोमाटण्याचे व्याही. मानसीने आपल्या मनाने आचाऱ्याला घेतलं, फाटकावरच्या राखणदाराला घेतलं, माणसं हसली. व्हिडिओवाल्याचंही नाव आलं, त्याने लाजून कॅमेरा हलवला. मग ठरल्याप्रमाणे तो केरबाकडे वळला. केरबाने फेटा सारखा केला आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

मुलींनी खुंटा सोडला. प्रेरणाने फडक्याने पीठ पुसलं.

कॅमेरा केरबाच्या तोंडावर तसाच होता.

शेवटी शेजारची अंबूबाई म्हणाली, "अगं पोरींनो, केरबाभाऊ राहिले की."

"राहिले नाहीत," मानसी म्हणाली. तिच्या परकराला छोटा माईक अडकवलेला होता, त्यामुळे ते फाटकापर्यंत ऐकू गेलं. "आबांची ओवी नाहीच आहे. पणजीने केलीच नव्हती."

पोरीला रागवायचं तरी कशावरून? केरबा हसला. त्या हसण्यात कुणीच सामील झालं नाही. बायका एकमेकींकडे बघून कोमलला हळद लावायला उठल्या.

पंगत बसायच्या आधी लीलाबाई मागच्या पडवीत पिशवी भरत होती. केरबा आला. फेटा त्याने काखेत धरला होता.

"तू मुद्दाम केलंस."

"पोरींनी गायलं. मी तर गप बसले व्हते."

"आयनं केली व्हती की गं." तो पडवीच्या कट्ट्यावर बसला. आवाज खाली आला. मग त्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या तोंडाने म्हटली, सूर फाटका, पण शब्द बरोबर.

"जात्याच्या घरघरीनं, बाई, बाळ जागं झालं..."

तिथे तो थांबला. पुन्हा म्हणाला. पुन्हा तिथेच थांबला.

"पुढं काय गं, लीले? लय दिस झालं आठवतोय. रातीबी आठवतोय. माजं नाव पुढल्याच ओळीत हाय."

त्याचे डोळे भरले होते. लीलाबाईने ते नीट पाहिलं. याच डोळ्यांची तिने वाट पाहिली होती.

"मला तरी कुटं ठावं, दादा," ती पिशवीची गाठ मारत म्हणाली. "टेपमंदी व्हती."

ती जेवायला थांबली नाही. भाचा तिला गाडीने सोडायला निघाला. उर्श्याचा टोलनाका मागे पडला तेव्हा ती काचेला डोकं टेकून बसली होती. ओठ मिटलेले ठेवून, भाच्यालाही कळणार नाही अशी, तिने ती ओळ एकदा मनातल्या मनात फिरवली. 'केरबानं हातानं गं, पीठ गालाला लावलं.' आईच्या गालाला. एक अक्षरही झडलं नव्हतं.

मग ती भाच्याला म्हणाली, "रेडिओ लाव की रं. गाडीत कसं गप गप वाटतंय."