चालायला जायचं कुठं?

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे आकडे पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "आजी, दिवसभरात चालता किती?"

"पलंगापासून टीव्हीपर्यंत," आई म्हणाली.

शेजारी बसलेल्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो महापालिकेच्या नगररचना खात्यात होता आणि आई राहत होती ती वसाहत नऊ वर्षांपूर्वी त्यानंच आखली होती. कौतुकानं स्वतःचं घरही तिथंच घेतलं होतं. आईनं बत्तीस वर्षं जुन्या शहरात पायी टपाल वाटलं, तेव्हा साधा ताप माहीत नव्हता. निवृत्त होऊन लेकाकडे राहायला आली आणि आठ महिन्यांत वजन वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, आता ही साखर.

"रोज चाळीस मिनिटं चाला."

"चालायला जायचं कुठं?"

"कुठंही जा की."

"बाई, पत्त्याशिवाय मी जन्मात कधी चालले नाही."

मुलाला राहवेना. "आई, समोर एवढी मोठी बाग आहे. हाकेच्या अंतरावर!"

"हाक पोचते रे. माणूस पोचत नाही."

हे त्याच्या फारच जिव्हारी लागलं. रविवारी सकाळी तो आईला घेऊन बागेकडे निघाला. बाग वसाहतीच्या भिंतीला लागून, पण भिंतीला दार नाही. म्हणून इमारतीला वळसा, मग मुख्य फाटक, मग अलीकडे पदपथ नाही म्हणून सहा पदरी रस्ता ओलांडून पलीकडचा, आणि पुढच्या चौकात तोच रस्ता पुन्हा ओलांडून अलीकडे. हिरवा दिवा अकरा सेकंदांचा. आई अर्ध्यात पोचली आणि दिवा लाल झाला. मायलेक दोन वितींच्या दुभाजकावर कपडे वाळत घातल्यासारखे उभे राहिले. दोन्ही बाजूंनी गाड्या सणसणत होत्या.

अडतीस मिनिटांनी बाग आली. फाटकाला कुलूप. पाटीवर लिहिलं होतं, 'सकाळी सहा ते आठ.' आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आई पाटीच्या चौथऱ्यावरच बसली, कारण दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती.

"हे सगळं तू केलंस?"

"एकट्यानं नाही गं."

"तुझ्या वाटणीचं काय काय?"

"भिंत," तो म्हणाला. "आणि... चौक."

आईनं मनाशी चंग बांधला. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातली जुनी खाकी पिशवी काढली आणि दारोदार जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला पायी कुठं जावंसं वाटतं आणि का जात नाही? लिहून द्या, मी पोचवते." आठवड्याभरात एक्केचाळीस पत्रं जमली. ती तिनं एकदम दिली नाहीत. रोज तीन, तीही दीड किलोमीटर चालत, जिथं पायरी दिसेल तिथं दम खात, थेट लेकाच्या कचेरीत. वर आवक-जावकच्या कारकुनाला बजावायची, "पोच द्या."

एका निवृत्त शिंप्यानं लिहिलं होतं, "दुधाचं दुकान माझ्या स्वयंपाकघरापासून पंधरा पावलांवर, पण मध्ये भिंत. अर्धा लिटर दुधासाठी गाडी काढतो." दुसरीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "आई म्हणते, रस्त्यावर जायचं नाही. म्हणून आम्ही लिफ्टमध्ये पकडापकडी खेळतो. मी नेहमी सापडते."

मुलानं कचेरीच्या रिवाजाप्रमाणे आईच्याच हाती उत्तर धाडलं, "आपला अर्ज विचाराधीन आहे." संध्याकाळी ते त्याच्याच ताटाशेजारी परत आलं. वर लाल पेन्सिलीनं आईचं अक्षर होतं, 'परत. आत मजकूर नाही.'

त्याची बायको हसून हसून बेजार. तो मात्र त्या रात्री नीट जेवला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी विचारलं, "रोज पिशवी घेऊन येतात, त्या बाई कोण?"

कारकुनानं हळूच मुलाकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या मातोश्री."

आता माघार कसली? मुलानं पत्रांचा गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. "साहेब, एकदा चालून बघू या. गाडी न घेता."

साहेब देहानं ऐसपैस. बुधवारी भर अकराला आईनं त्यांना सगळी वाट दाखवली. दुभाजकावर साहेब असे अडकले, की पुढे जाववेना आणि मागेही येववेना. एक मालमोटार कानाशी कर्णा वाजवत गेली तेव्हा त्यांनी टपालवाल्या बाईंचा हात घट्ट धरला.

"हा चौक कोणी आखला?" ते ओरडले.

मुलानं तोंड उघडलं, एवढ्यात आई म्हणाली, "ते मागाहून बघू. आधी जिवानिशी पलीकडे चला."

तिनं आपल्याला पाठीशी घातलं, हे त्याला कळलं. पलीकडे पोचल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं, "मी आखला, साहेब. नकाशात बरा दिसत होता." साहेबांना एवढी धाप लागली होती, की रागवायला श्वासच उरला नव्हता.

मग चक्रं हलली. चौकातला हिरवा दिवा तीस सेकंदांचा झाला, मध्ये थांबायला रुंद ओटा बांधला, बाग दिवसभर उघडी राहू लागली आणि सावलीत बाक आले. हे सगळं व्हायला पाच महिने लागले. आईची साखर त्याआधीच उतरली होती, टपाल पोचवता पोचवता; नवी पत्रं येतच होती. डॉक्टरीणबाईंनी औषध निम्मं केलं.

सगळ्यात शेवटी भिंतीला दार पडलं. त्या सकाळी गवंडी अजून कडा घासत होता आणि तान्ह्या बाळाची ढकलगाडी घेऊन एक तरुण बाई भिंतीपाशी येऊन थांबली होती. आईनं गाडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"अडकणार," ती म्हणाली.

"आई, मी मोजून काढलंय."

"पुन्हा मोज."

त्यानं खिशातली टेप काढली, गुडघ्यावर बसला आणि मोजलं. चार बोटं कमी भरली. तो उठला, बाह्या सरसावल्या आणि गवंड्याला म्हणाला, "मामा, छिन्नी द्या इकडे."